खान्देशच्या तरुणाची मुलाखत

विद्यापीठाचे निकाल लागले की खान्देशात दोन ठिकाणची गर्दी एकाएकी वाढते. एक, जळगाव-धुळ्याहून रात्री पुण्याकडे सुटणाऱ्या खासगी बसगाड्यांची आणि दुसरी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांची. पहिल्या गर्दीतील तरुणाजवळ एक बॅग, गुणपत्रकांची फाईल आणि चाकणला किंवा हिंजवडीला खोली करून राहणाऱ्या गावच्या मित्राचा पत्ता असतो. दुसऱ्या गर्दीतील तरुणाजवळ जाडजूड पुस्तके आणि वडिलांनी घालून दिलेली दोन वर्षांची मुदत असते. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांत एक साम्य आहे. महाविद्यालयात तीन-चार वर्षे काढताना ‘पुढे काय करणार आणि त्यासाठी आज काय करतोस?’ हा प्रश्न त्यांना कोणी गांभीर्याने विचारलेला नसतो. तो प्रथम विचारला जातो तो एखाद्या कंपनीच्या वातानुकूलित खोलीत, तीन अनोळखी माणसांकडून, आणि तेव्हा उत्तर शोधायला हाताशी काही क्षणच असतात.

परीक्षेची तयारी वर्षभर आणि मुलाखतीची तयारी आठवडाभर, हा आपल्याकडील रूढ क्रम झाला आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत यशापयशाची बाब म्हणून त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. मुलाच्या अभियांत्रिकीसाठी शेताचा तुकडा विकलेली, मुलीच्या औषधनिर्माणशास्त्राच्या शुल्कासाठी दागिने गहाण ठेवलेली कुटुंबे तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठी गावोगाव आहेत. सोयरीक जुळवताना मुलगा नोकरीला आहे का, हा प्रश्न आता गोत्र विचारण्याच्याही आधी येतो. पदवी हाती असूनही मुलगा घरी बसला, तर त्याचे पडसाद धाकट्या बहिणीच्या शिक्षणापर्यंत उमटतात. ज्या मुलाखतीवर एवढे अवलंबून आहे, तिची तयारी नशिबावर सोडून द्यावी, हे शिक्षणसंस्थांना तसेच समाजालाही शोभणारे नाही.

<b>‘स्वतःविषयी सांगा’</b>

मुलाखतीची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: ‘स्वतःविषयी सांगा.’ या सोप्या प्रश्नावर खान्देशातील विद्यार्थी जेवढा अडखळतो, तेवढा विषयाच्या प्रश्नांवर अडखळत नाही, असा अनुभव भरतीचे काम करणारे अनेकदा सांगतात. रावेर तालुक्यातील एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. त्याने कुठूनतरी उतरवून घेतलेला इंग्रजी परिच्छेद पाठ केलेला असतो. आपण कष्टाळू आहोत, लवकर शिकतो, संघभावनेने काम करतो, असे तो एका दमात सांगून टाकतो. तोच परिच्छेद त्याच्या आधीच्या दहा जणांनी म्हटलेला असतो. समोरचा मनुष्य कागद उलटतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

हा विद्यार्थी नववीत असल्यापासून वडिलांबरोबर केळीची बाग सांभाळत असतो. ठिबकच्या नळ्या कुठे चोंदल्या आहेत, व्हेंच्युरीतून खत सोडताना कोणते आधी आणि कोणते नंतर, पानावर दिसणारा करपा कोणता आणि सीएमव्हीमुळे उपटून टाकावे लागणारे झाड कोणते, हे त्याला ठाऊक असते. कापणीच्या दिवशी रावेरचा जाहीर भाव काय, बऱ्हाणपूरचा काय आणि व्यापारी त्यात किती तोडून मागतो, याचा हिशेब तो तोंडी करतो. मजूर टोळीने ऐन वेळी दगा दिला तर गाडी भरण्यासाठी माणसे कुठून आणायची, हेही त्याने एकदा तरी निभावलेले असते. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला नियोजन, खर्चाचे गणित, गुणवत्ता तपासणी आणि मनुष्यबळ हाताळणे म्हणतात, ते सर्व या अनुभवात आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यावर वाढलेल्या मुलाला मात्र आपल्याजवळ सांगण्याजोगे काही आहे, असे वाटत नाही. शेतातले काम ही लपवायची गोष्ट आणि पाठ केलेले इंग्रजी ही दाखवायची गोष्ट, असा विपरीत पाठ त्याला शाळेपासून मिळालेला असतो.

अमळनेर, चोपडा, शिरपूर, शिंदखेडा, साक्री येथील मुलामुलींबाबतही हेच. कोणी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाडीचा काटा लिहिला आहे, कोणी जळगावच्या डाळ मिलमध्ये सुटीत पोती मोजली आहेत, कोणी सुरतेला मामाकडे जाऊन कापडाच्या दुकानात दोन महिने काढले आहेत. कोणी गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार म्हणून वर्गणीचा पै-पैचा हिशेब दिला आहे, तर कोणी श्रावणात भाऊबंदकीच्या कानबाईच्या उत्सवात दीडशे माणसांच्या पंगतीची व्यवस्था पाहिली आहे. (वर्गणी गोळा करून तिचा चोख हिशेब देणे हे अनेक पदविकांपेक्षा अवघड काम आहे, हे मंडळात काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.) यातील एकही गोष्ट त्यांच्या अर्जात नसते. अर्जात छंद म्हणून ‘वाचन, संगीत, क्रिकेट’ असते आणि अलीकडे वाचलेले पुस्तक कोणते, असे विचारल्यावर शांतता असते.

तेव्हा मुलाखतीची पहिली तयारी म्हणजे आपण काय केले आहे याची नोंद ठेवणे. पहिल्या वर्षापासून एका वहीत दर महिन्याला चार ओळी लिहिल्या, कोणते काम केले, त्यात काय बिघडले, ते कसे सावरले, तर अखेरच्या वर्षी कोणाचा परिच्छेद उतरवून घेण्याची वेळ येणार नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांच्या रोजच्या जगण्याला शब्दांत मांडण्याची सवय त्यामागे होती. त्यांच्या राजकीय मतांशी कोणाचे मतभेद असोत, शिक्षक म्हणून त्यांनी हेरलेली ही गरज आजही तशीच आहे.

<b>भाषेची भीती</b>

स्वतःविषयी न बोलता येण्याच्या मुळाशी भाषेविषयीचा न्यूनगंड आहे. खान्देशातील मुलगा घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी किंवा भिली बोलतो. वर्गात प्रमाण मराठी ऐकतो. आणि मुलाखत इंग्रजीत होणार या धास्तीत असतो. दोन पायऱ्या एकदम चढायच्या असल्याने तो गप्प राहणे पसंत करतो. गप्प राहणाऱ्याला काही येत नाही, असा निष्कर्ष निघतो.

पुण्याच्या विद्यापीठापासून वेगळे होऊन १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आसोद्याला जन्मलेल्या आणि शाळेत न गेलेल्या या शेतकरी स्त्रीने जी रचना केली, ती घरात आणि शेतात बोलल्या जाणाऱ्या भाषेत केली. तिच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेऊन निघालेला तरुण त्याच बोलीचा एखादा शब्द तोंडून निसटला तर ओशाळतो, ही स्थिती दुःखद आहे. एरंडोल तालुक्यातील ताडे या गावी गरिबीत वाढलेले, लहानपणी मजुरी केलेले राजेश पाटील भारतीय प्रशासकीय सेवेत निवडले गेले. आपल्या आत्मकथनाला त्यांनी ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू!’ असे अहिराणी नाव दिले. देशातील सर्वांत कठीण मानल्या जाणाऱ्या मुलाखतीतून पार पडलेल्या अधिकाऱ्याला आपल्या आईची भाषा मुखपृष्ठावर मिरवावीशी वाटली, हे महाविद्यालयांतील मार्गदर्शन वर्गांत आवर्जून सांगितले पाहिजे. साक्री तालुक्यातील सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातून आलेले डॉ. राजेंद्र भारूड मुंबईत एमबीबीएस झाले, प्रशासकीय सेवेत गेले आणि शेजारच्या नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांच्याही कहाणीत आईचे कष्ट आणि गावची बोली लपवलेली नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला २७५ गुण असतात आणि मराठी माध्यमातून मुख्य परीक्षा दिलेल्या उमेदवाराला ही मुलाखत मराठीतून देता येते, ही गोष्टही अनेक विद्यार्थ्यांना अखेरपर्यंत ठाऊक नसते. याचा अर्थ इंग्रजीकडे पाठ फिरवावी असा नाही. यंत्राची माहितीपुस्तिका, संगणकाची आज्ञावली, परदेशी ग्राहकाचे पत्र ही इंग्रजीत येतात आणि ती समजलीच पाहिजेत. स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या मुलांना इंग्रजीपासून वंचित ठेवावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. परंतु इंग्रजी हे अवजार आहे. ते चालवायला शिकायचे तर रोज वापरावे लागते. शेवटच्या वर्षी पंधरा दिवसांचा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ वर्ग लावून ते हाती येत नाही. आणि ज्याला आपला विषय मराठीत नीट मांडता येत नाही, त्याला तो इंग्रजीतही मांडता येणार नाही. वर्गात आठवड्यातून एकदा प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे बोलावे, प्रथम मराठीत आणि सहा महिन्यांनी इंग्रजीत, एवढा साधा उपाय एकही पैसा न खर्चता करता येण्याजोगा आहे. तो किती महाविद्यालयांत होतो, हे पालकांनी प्रवेश घेताना विचारावे.

<b>पाटणादेवीचा शिलालेख</b>

शिक्षण आणि बाजार यांची गाठ घालणे ही पाश्चात्त्य कल्पना आहे, असा एक समज विद्वानांतही आढळतो. खान्देशाच्या मातीतच त्याला उत्तर आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८ मधील, म्हणजे आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर राजाला जे उत्पन्न मिळे, ते मठाला दिल्याचे तो सांगतो. गणिताचा, ग्रहगणिताचा अभ्यास करणारे छात्र आणि त्यांचा खर्च उचलणारी पेठ, अशी ती व्यवस्था होती. पेठेला आपल्या गावातल्या विद्येची गरज वाटत होती आणि विद्येला पेठेचा विटाळ नव्हता.

आज जळगावची पेठ त्या पाटणच्या कैक पटींनी मोठी आहे. डाळ मिल, पीव्हीसी पाइप आणि चटया, ठिबक सिंचन, सोन्याचा व्यापार, केळीची निर्यात ही या शहराची ओळख देशभर आहे. वाकोदच्या शेतकरी कुटुंबातील भवरलाल जैन यांनी शासकीय नोकरीची संधी बाजूला ठेवली आणि १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून आरंभ केला. त्यातून पुढे ठिबक सिंचनाचा जगभर पसरलेला उद्योग उभा राहिला. ज्या विप्रो कंपनीत नोकरी मिळावी म्हणून देशभरचे अभियंते धडपडतात, तिचा जन्म डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्याच्या रूपाने झाला. भुसावळला रेल्वेचे विभागीय कार्यालय, विद्युत इंजिनांची कार्यशाळा आणि प्रशिक्षण संस्था आहे. भुसावळ आणि वरणगाव येथे संरक्षण उत्पादनाचे कारखाने आहेत. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. डॉ. अविनाश आचार्य यांनी जळगाव जनता सहकारी बँक आणि केशवस्मृती प्रतिष्ठान यांतून समाजाच्या बळावर किती व्याप उभा राहू शकतो, हे दाखवून दिले. धुळे जिल्ह्यात शिरपूर हे तालुक्याचे गाव औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणाने नावारूपाला आले आणि नरडाणा परिसर औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो.

यातील किती ठिकाणी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी पंधरा दिवस बसलेला असतो? रसायनशास्त्राचा पदवीधर तेल गाळणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत परीक्षेपूर्वी कधी गेलेला असतो काय? बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२० नंतर पदवी अभ्यासक्रमांत कार्यानुभवाला श्रेयांक देण्याची व्यवस्था आली, हे स्वागतार्हच. परंतु कार्यानुभव म्हणजे ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र, असा अर्थ रूढ होऊ लागला तर उत्तम धोरणाचेही मातेरे होईल. उद्योजकांचाही यात दोष आहे. विद्यार्थी आला की त्याला झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला ठेवायचे, महिन्याने प्रमाणपत्र द्यायचे आणि नंतर ‘इथल्या पोरांना काही येत नाही’ म्हणून बाहेरून माणसे आणायची, हा प्रकार थांबला पाहिजे. पाटणच्या व्यापाऱ्यांकडून आलेला पैसा मठाला गेला. आजच्या व्यापाऱ्याकडे पैसा मागितलेला नाही, आपल्या मुनीमाचा रोज एक तास मागितला आहे.

<b>रांगा आणि चाळण्या</b>

खान्देशातील तरुणांचा मोठा वर्ग शासकीय नोकरीच्या रांगेत उभा आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरातील ४६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. एका जागेमागे शंभराहून, कधी दोनशेहून अधिक उमेदवार. या रांगेत उभे राहणे चूक नाही. प्रशासनाला गावातून आलेली, गाव जाणणारी माणसे हवीच आहेत. जळगावच्या दीपस्तंभ संस्थेसारख्या ठिकाणी यजुर्वेंद्र महाजन यांनी दिव्यांग आणि वंचित तरुणांना स्पर्धा परीक्षांसाठी उभे केले, ते मोलाचे आहे. परंतु पदवीच्या वर्षांत दुसरे काहीच करायचे नाही, पुढे सहा-सात वर्षे अभ्यासिकेत काढायची आणि वयोमर्यादा सरल्यावर खासगी नोकरीसाठी प्रथमच अर्ज लिहायचा, हा मार्ग शेकडो घरांना ओढग्रस्तीत नेत आहे. त्या वयात मुलाखतीला गेलेल्याला ‘एवढी वर्षे काय केले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. केंद्र शासनाने २०१६ पासून गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी तो निर्णय योग्यच होता. मात्र ‘आता मुलाखत राहिलीच नाही’ असा सोयीस्कर अर्थ त्यातून अनेकांनी काढला, तो त्यांनाच महागात पडतो.

खासगी क्षेत्रातील चाळण्या वेगळ्या आहेत आणि त्या फार आधी लागतात. अनेक मोठ्या कंपन्या दहावीपासून पुढे सर्वत्र साठ टक्के गुणांची अट घालतात. राहिलेला विषय असेल तर परिसरातील मुलाखतीला बसूच देत नाहीत. ही अट विद्यार्थ्याला कळते ती चौथ्या वर्षी, जेव्हा पहिल्या वर्षातील गणिताची केटी त्याच्या नावावर चिकटून बसलेली असते. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी ही गोष्ट फळ्यावर लिहून ठेवली तर कित्येकांचे भले होईल. त्यानंतर अंकगणित आणि तर्काची चाचणी, मग गटचर्चा, मग विषयाची मुलाखत. गटचर्चेत मोठ्याने बोलणारा निवडला जातो, हा एक भ्रम आहे. दुसऱ्याचे ऐकून त्याच्या मुद्द्याला पुढे नेणारा उमेदवार परीक्षकांच्या लक्षात राहतो. ज्याने ग्रामसभेत, विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत किंवा शाखेच्या बौद्धिक चर्चेत चार वेगळ्या मतांच्या माणसांत बसून निर्णय होताना पाहिला आहे, त्याला ही चाळणी अवघड जात नाही.

अर्जाच्या लेखनाकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. मित्राचा अर्ज उतरवून घेताना त्याच्या वडिलांचे नावही तसेच राहिल्याची उदाहरणे ऐकायला मिळतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळी सारख्या असाव्यात, कागदाच्या कडा मोकळ्या सोडाव्यात, इतक्या बारकाईने ते सांगतात. राष्ट्रकार्याचा विचार करणाऱ्या संताला समासाच्या रुंदीची चिंता वाटली, कारण लिहिलेला कागद लिहिणाऱ्याची शिस्त सांगतो. संगणकावर टंकलेल्या एका पानालाही ते लागू आहे.

प्रशिक्षणार्थी कायदा १९६१ मध्ये झाला. त्याखाली आयटीआय, पदविका आणि पदवीधारकांना विद्यावेतनासह उद्योगांत शिकता येते. रेल्वेच्या लेव्हल-१ पदांमध्ये रेल्वेच्याच आस्थापनांत असे प्रशिक्षण पुरे केलेल्यांसाठी वीस टक्के जागा असतात. भुसावळ ज्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, अशा किती मुलांना हे ठाऊक आहे? सैन्यदलात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी राज्य शासन नाशिक रोड येथे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी निवास-भोजनासह विनामूल्य करून घेते. धुळ्याहून नाशिक किती लांब? छात्रसेनेचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांना तर या मुलाखतीपर्यंत थेट पोहोचण्याची वाट आहे. देशासाठी काही करावे, असे मनात असलेली मुले खान्देशात कमी नाहीत. त्यांना दार दाखवणारा कोणी भेटत नाही.

राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना या दोन्ही २०२४ मध्ये आल्या. दोन्हींचा हेतू चांगला आहे. परंतु दोन्ही शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नाहीत. शिक्षण संपलेल्यांसाठी आहेत. विद्यार्थिदशेतील तयारी ही पूर्वीप्रमाणेच घर, महाविद्यालय आणि समाज यांच्यावर सोडलेली आहे.

<b>मुलींचा प्रश्न</b>

गुणवत्ता याद्यांत मुलींची नावे वरचेवर पुढे असतात. मुलाखतीच्या यादीत ती विरळ होतात. कारण मुलाखत पुण्याला, सकाळी नऊला. रात्रीचा प्रवास, तिथे उतरायचे कोठे, सोबत कोण येणार, नोकरी लागलीच तर राहणार कुठे, या प्रश्नांपाशी घरातली चर्चा थांबते. पालकांची काळजी खोटी नाही आणि तिची टर उडवून काही साधणार नाही. परंतु चार वर्षे शिकवून त्या एका रात्रीच्या प्रवासासाठी मुलीला घरी बसवणे, हा तिच्या विद्येचा अपव्यय आहे. पुण्यात आणि नाशकात स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबे हजारोंनी आहेत, त्यांची मंडळे आहेत, दरवर्षी स्नेहमेळावे होतात. मुलाखतीला येणाऱ्या मुलीला दोन रात्री घरी उतरवून घेणारी पन्नास कुटुंबांची यादी त्या मंडळांनी करावी आणि ती जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांना द्यावी. स्नेहमेळाव्यातील भरीत-पुरीपेक्षा हे काम अधिक काळ टिकेल.

नोकरीच्या शोधातील अगतिकतेवर जगणारी एक जमातही याच काळात फोफावली आहे. रेल्वेत, सैन्यात, बँकेत लावून देतो म्हणून लाखो रुपये घेणारे, बनावट नियुक्तिपत्रे देणारे दलाल तालुक्याच्या गावांत फिरतात. त्यांना बळी पडतो तो प्रक्रिया न जाणणारा तरुण. जाहिरात कुठे येते, शुल्क किती असते, निवड कशी होते हे ज्याने दुसऱ्या वर्षातच स्वतः पाहिले आहे, त्याला फसवणे सोपे नसते. नियुक्तीआधी पैसे मागणारी कोणतीही नोकरी ही नोकरी नसते, एवढे वाक्य प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

<b>नोकऱ्याच नाहीत, तर?</b>

या सर्व विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. तयारी कितीही केली तरी नोकऱ्याच कमी असतील तर मुलाखतीचे धडे गिरवून काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. २०२३ च्या सुमारास माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील भरती मंदावली, तेव्हा नियुक्तिपत्र हाती असलेले अनेक पदवीधर महिनोन्‌महिने रुजू होण्याची वाट पाहत बसले. तयारीने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. त्या उद्योगाने, शेतीप्रक्रियेने, रस्त्यांनी आणि विजेने होतात, आणि खान्देशाला त्यासाठी राज्यकर्त्यांकडे आपला न्याय्य वाटा मागावाच लागेल. तरीही एक फरक उरतो. ज्या तरुणाने चार वर्षांत डाळ मिलचे कामकाज, केळीची निर्यात, सहकारी बँकेचे कर्जखाते जवळून पाहिले आहे, त्याला पुण्यात नोकरी मिळाली नाही तरी तो रिकाम्या हाताने परत येत नाही. त्याला कोणाचा माल कुठे विकला जातो हे ठाऊक असते. मुलाखतीसाठी केलेली तयारी त्याला स्वतःचा धंदा मांडतानाही उपयोगी पडते. बँकेच्या शाखाधिकाऱ्यासमोर कर्ज मागायला बसणे हीही अखेर मुलाखतच असते.

हे काम शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहणारे नाही. भुसावळला निवृत्त झालेले रेल्वे अधिकारी आहेत, जळगावला निवृत्त बँक व्यवस्थापक आहेत, धुळ्याला निवृत्त प्राध्यापक, वकील, अभियंते आहेत. यातील अनेकांनी आपल्या सेवाकाळात शेकडो मुलाखती घेतल्या आहेत. संघ, विद्यार्थी परिषद, सेवा भारती यांसारख्या संघटनांचे कार्यकर्ते त्यांना ओळखतात. दर रविवारी त्यांच्यापैकी तिघांनी बसावे. समोर पहिल्या-दुसऱ्या वर्षाची दहा मुले आणि दहा मुली याव्यात. प्रत्येकाला दहा मिनिटे खऱ्या मुलाखतीसारखी मुलाखत आणि नंतर सर्वांसमक्ष त्यावर आपुलकीने चर्चा. अहिराणीत सुरू झालेले उत्तर मराठीत आणि मराठीतले इंग्रजीत कसे नेता येते, हे तिथेच दाखवता येईल. वर्षाकाठी अशी चाळीस सत्रे झाली तर वीसजणांच्या त्या गटातील प्रत्येकाची मुलाखत चाळीस वेळा झालेली असेल. लागणारे साहित्य म्हणजे रविवारी रिकामी असणारी शाळेची एक खोली, एक टेबल आणि चार खुर्च्या.